दोन हिसके म्हणजे धरलं

१

त्याचं पाळण्यातलं नाव आता फक्त बायकोच्या लक्षात उरलं होतं. बाकी सगळे त्याला टेस्टर म्हणत. एक तर खिशाला सदोदित टेस्टर लावलेला, आणि दुसरं म्हणजे स्वतः पारखल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही ही खोड. दुधानं तोंड पोळलं की लोक ताकही फुंकून पितात. हा गडी तोंड न पोळताच पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. लग्नात सासऱ्यांनी अंगठी पुढे केली तेव्हा "सोन्याचीच आहे ना?" असं त्यानं विचारलं होतं. ते त्याची बायको अजून चारचौघांत सांगते आणि तो अजून म्हणतो, "विचारलं तर काय बिघडलं?"

पस्तीस वर्षं वायरमनचं काम केल्यावर घरदुरुस्तीनंतरच्या तक्रारी त्याला पाठ झाल्या होत्या. गवंड्यानं खिळा ठोकताना वायर फोडलेली असते, फरशीवाल्यानं पाईप चेपलेला असतो, नाहीतर रंगाऱ्यानं सॉकेटमध्ये रंग ओतून ठेवलेला असतो. त्यामुळे त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराची बेल वाजवताना त्याच्या मनात जेवणाच्या डब्याखेरीज काहीही नव्हतं.

दार उघडलं ते घरातल्या लेकीनं. तिशी ओलांडलेली, बाह्या वर सारलेल्या, केस कसेतरी बांधलेले. आत कुठंतरी एक मशीन संथपणे सूं-फुस्स, सूं-फुस्स करत होतं.

"काका, चपला राहू द्या. आधी आत या," ती म्हणाली. "आज सकाळपासून दोन वेळा मेन पडलाय."

आतल्या खोलीत तिचे वडील पलंगावर उशांना टेकून बसले होते. नाकाला नळी, नळीचं दुसरं टोक त्या मशीनला. फुप्फुसं थकली होती आणि हवेतला प्राणवायू वेगळा काढून द्यायचं काम ते मशीन रात्रंदिवस करत होतं. वीज गेली की लेक धावत येऊन नळी कोपऱ्यातल्या सिलिंडरला लावायची. सिलिंडर एकच होता, तोही अर्धाच भरलेला, आणि दुसरा उद्या सकाळशिवाय मिळणार नव्हता.

पलंग, मशीन आणि चाकाची खुर्ची मावावी म्हणून तिनं दोन लहान खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली करून घेतली होती. काम महिन्यापूर्वी संपलं आणि मेन पडायला त्याच दिवशी सुरुवात झाली. तिनं कॅलेंडरवर प्रत्येक वेळ लिहून ठेवली होती. नोकरी सांभाळून, बापाचं सगळं अंथरुणात करून, वर हे. टेस्टरला ती मनापासून आवडली. अशी गिऱ्हाइकं मिळाली तर वायरमनचं निम्मं काम दारातच होतं.

"प्रत्येक वेळेपुढे दोन टिंबं कसली?" त्यानं विचारलं.

"दोनदा पडतो. पडला, मी वर केला, की लगेच परत पडतो. तिसऱ्यांदा वर केला की राहतो. नेहमी असंच."

"नेहमी दोनदाच?"

"एकदाही चुकलेलं नाही."

लूज कनेक्शन असणार, टेस्टर मनात म्हणाला. लूज कनेक्शनला मोजता येत नाही, हेही त्याच्या मनात आलं, पण ते त्यानं बाजूला ठेवलं.

२

बाहेरच्या बोळातल्या मेन बोर्डापाशी उभं राहून त्यानं एकेक लाईन बंद करून पाहिली. दोष सहा नंबरच्या लाईनवर होता, म्हणजे नेमका वडिलांच्या मशीनचा सॉकेट. मग सहा बंद करून मशीन दुसऱ्या लाईनवर चालवू, असं त्यानं ठरवलं. पण सहा बंद केला की मेन वर राहायलाच तयार होईना. वर केला की खटकन खाली. सहा चालू केला की गुमान उभा.

"बंद केल्यावर उलट त्रास जास्त?" लेक म्हणाली.

"होतं असं. भिंतीत कुठंतरी न्यूट्रल अर्थिंगच्या वायरला चिकटला असेल. वरून बटण बंद केलं तरी गळती चालू राहते." हे खरंच होतं आणि सांगताना त्याला बरं वाटलं. "जुनी वायर काढून नवी ओढावी लागेल. तेवढा वेळ घराची वीज बंद. सिलिंडर किती पुरेल?"

"सव्वा तास. जेमतेम."

"तासात देतो."

तिनं नळी सिलिंडरला लावली, सूं-फुस्स थांबलं, आणि घर एकदम फार मोकळं वाटायला लागलं. दुपारचे तीन वाजत होते. खिडकीतून ऊन थेट पलंगामागच्या भिंतीवर पडलं होतं. सॉकेटच्या पट्टीवरून रंगाऱ्यानं ब्रश फिरवला होता, तो पापुद्रा कुठंही तडकलेला नव्हता. म्हणजे रंग दिल्यापासून हा बॉक्स कुणी उघडलेला नव्हता. टेस्टरनं पात्यानं कडा कापल्या, दोन स्क्रू काढले आणि पट्टी पुढे ओढली.

आणि तो नुसता बघतच राहिला.

पस्तीस वर्षांत त्यानं इतकं देखणं काम पाहिलं नव्हतं. वायरी एकमेकींना न ओलांडता बॉक्सच्या कडेनं वळवलेल्या. सगळ्या स्क्रूंच्या खाचा सरळ उभ्या, एका रेषेत. तांब्याचं टोक हवं तेवढंच सोललेलं, एक धागा बाहेर नाही. आणि मागे जास्तीची चार बोटं वायर गुंडाळून ठेवलेली. ही चार बोटं म्हणजे चांगल्या वायरमनची खूण. आपल्यानंतर जो कुणी बॉक्स उघडेल, त्याला टोक तोडून नव्यानं जोडता यावं म्हणून ती ठेवायची असते. हल्ली कुणी ठेवत नाही. आपण मेल्यावर येणाऱ्या अनोळखी माणसाची सोय बघायला आता वेळ कुणाला आहे?

"ताई, काम कुणी केलंय हे?"

"ठेकेदाराच्याच माणसानं केलं असेल. काही चुकलंय का?"

"चुकलंय? अहो, हात धुऊन पाया पडावं असं काम आहे. मला त्याला भेटायचंय."

तिनं ठेकेदाराला फोन लावून स्पीकरवर टाकला. ठेकेदार घाईत होता. "त्या खोलीचं वायरिंग? आम्ही नाही केलं, ताई. पाईप टाकले, बॉक्स बसवले, आणि आमचा वायरमन आजारी पडला. दोन दिवसांनी प्लास्टरवाला गेला तर म्हणाला, वायरी आधीच आल्यात. आम्ही समजलो, तुम्ही बाहेरचा माणूस लावलात."

"मी कुणालाच लावलं नव्हतं."

"मग बाबांनी लावला असेल," ठेकेदार म्हणाला आणि दुसरा फोन येतोय सांगून त्यानं फोन ठेवला.

दोघांनीही पलंगाकडे पाहिलं. वडील डोळे मिटून पडले होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग एकेक शब्द तोलत म्हणाले, "पण... हात चांगला आहे... त्याचा."

टेस्टरनं वायर उन्हात धरली. कुठल्याही वायरीवर हातभर अंतरानं कंपनीचं नाव आणि जाडीचा आकडा छापलेला असतो. हिच्यावर अक्षर नव्हतं. फेजला एक रंग, न्यूट्रलला दुसरा, अर्थिंगला हिरवा, अशी रीत असते. इथं तिन्ही वायरींचा रंग एकच होता, ओल्या प्लास्टरचा. त्यानं मीटर लावून पाहिला. गळती नाही, जोड नाही, खोट म्हणून कुठं नाही. नव्या कोऱ्या वायरीपेक्षाही सरस आकडा आला. तरी मेन पडत होता, म्हणजे वायर बदलून बघणं भाग होतं.

३

वायर ओढायच्या कामाला दोन माणसं लागतात. पाईपच्या एका तोंडाशी एक, दुसऱ्या तोंडाशी दुसरा. एक वायर सोडतो, दुसरा ओढतो. टेस्टरचा जोडीदार सत्तावीस वर्षं दुसऱ्या तोंडाशी होता. तो एका कानानं ठार बहिरा, त्यामुळे भिंतीपलीकडून ओरडून काही उपयोग नसायचा. म्हणून त्या दोघांनी हिसक्यांची भाषा केली. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे धरलं. तीन म्हणजे ओढ. सत्तावीस वर्षांत त्यांच्यात याहून फारसं बोलणं झालं नाही आणि भांडणही झालं नाही. जोडीदाराची आणखी एक सवय होती. वायर सरकत असताना तो पाईपच्या तोंडाशी बोट धरून बसायचा. पाईपची कड धारदार असते, तिच्यावर वायरीची साल निघते. त्याच्या बोटाला कायम घट्टे असत, पण त्याच्या वायरीला कधी ओरखडा नसे. आता गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो घरीच असतो.

आज दुसऱ्या तोंडाशी लेक उभी राहिली. टेस्टरनं दोन्हीकडची टोकं सोडवली आणि खोलीतून जुनी वायर ओढून पाहिली. ती सळकन हातभर आली.

"बोर्डात हलतेय का?"

"नाही. अजिबात नाही," बोळातून आवाज आला.

म्हणजे मीटरनं दाखवला नसला तरी मध्ये कुठंतरी जोड होता आणि तो आता सुटला होता. पाईप कुठं जातो ते बघायला त्यानं स्प्रिंग काढली, पोलादाची लांब लवचीक तार, टोकाला आकडा. आकडा त्यानं हाताशी ठेवला आणि दुसरं टोक पाईपात सारलं. बॉक्सपासून बोर्ड फार तर पंचवीस फूट. स्प्रिंग तीस फूट गेली. चाळीस फूट गेली. कुठं अडकली नाही, कुठं वाकली नाही. भिंतीला कान लावून तो तिची सरसर ऐकत राहिला. सरसर छतावर चढली, खोलीच्या मध्यापर्यंत आली आणि तिथून खाली उतरली. जिथं ती उतरत होती तिथं महिन्यापूर्वीपर्यंत भिंत होती. आता तिथं उन्हात चाकाची खुर्ची उभी होती आणि बाकी नुसती हवा.

कान थकले आपले, तो मनात म्हणाला. पन्नाशी उलटली की आवाजाची जागा कळत नाही. स्प्रिंग पाईपातच वेटोळी होऊन बसली असेल.

ती परत ओढावी म्हणून त्यानं मूठ आवळली, आणि मुठीत दोन हिसके बसले. घाईचे नाहीत, जोराचे नाहीत. अगदी मोजून मापून दोन.

"ताई, तुम्ही काही ओढलंत का?"

"काय ओढू? इथं काही आलंच नाही."

टेस्टरनं खिशातून फोन काढला. जोडीदाराचा नंबर लावला. जोडीदारानं चांगल्या कानाला फोन लावला तेव्हा मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"कुठं आहेस?" टेस्टरनं विचारलं.

"घरी. आणखी कुठं जाणार? बायको भांडी घासायला लावतेय."

"आपले दोन हिसके... दुसऱ्या कुणाला शिकवले होतेस का तू?"

"नाही बुवा. शिकवण्यासारखं काय आहे त्यात? का रे?"

"काही नाही," टेस्टर म्हणाला. त्याची नजर कॅलेंडरवर गेली होती. प्रत्येक वेळेपुढे दोन टिंबं. महिनाभर, दिवसातून तीन-चार वेळा, कुणीतरी सांगत होतं, धरलं. आणि या घरात कुणालाही त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं.

४

"काका," लेक दारात येऊन म्हणाली. आवाज तिनं वडिलांसाठी खाली ठेवला होता, पण चेहरा लपत नव्हता. "काटा लाल पट्टीत आलाय. मी सव्वा तास म्हणाले होते, एवढ्यात कसा आला कळत नाही. अजून किती वेळ?"

टेस्टरनं सिलिंडरकडे पाहिलं, मग वडिलांकडे. म्हाताऱ्याचे ओठ काळपट दिसायला लागले होते आणि खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. शेजारून वीज आणावी तर त्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाड नव्हतं. सहा नंबरशिवाय मेन वर राहत नव्हता, आणि जुनी वायर होती तशी जोडावी तर ओढताना ती मध्येच सुटलेली, तिच्यातून वीज पोचली नसती. पारखून बघायला वेळ असता तर तो संध्याकाळपर्यंत पारखत बसला असता. वेळ नव्हता.

"तुम्ही बाबांजवळ बसा," तो म्हणाला. "बोर्डाकडे माणूस आहे."

ती काय समजली कोण जाणे, पण पलंगापाशी गेली.

त्यानं नव्या तिन्ही वायरी आकड्याला बांधल्या, वर टेप गुंडाळली, स्प्रिंग हातात घेतली आणि तीन हिसके दिले. ओढ.

क्षणभर काही झालं नाही. मग स्प्रिंग निघाली. असं ओढणं त्यानं जन्मात अनुभवलं नव्हतं. धक्का नाही, थांबणं नाही, त्याच्या हाताचा वेग ओळखून अगदी तेवढंच. गुंडाळी उलगडत होती आणि वायरी पाण्यासारख्या आत चालल्या होत्या. दोन्ही हातांनी सोडतानाही त्याची धांदल उडत होती. भीती होतीच. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा कौतुक जास्त होतं. कुणीतरी त्याच्याहून फार मोठा कारागीर पलीकडे बसला होता आणि त्यानं टेस्टरला आपल्या जोडीला घेतलं होतं.

निम्मी गुंडाळी संपल्यावर त्याच्या लक्षात आलं, की वायरी पाईपच्या कडेला घासत नाहीत. त्याचे दोन्ही हात गुंतलेले, तोंडाशी बोट धरायला कुणी नाही, तरी सालीवर एक ओरखडा नाही. त्यानं मान वाकवली. ऊन सरळ बॉक्समध्ये पडत होतं.

पाईपच्या तोंडाशी, आतल्या बाजूनं, एक बोट होतं.

पहिल्या पेरापर्यंतच दिसत होतं. ओल्या प्लास्टरच्या रंगाचं, नख नीट कापलेलं. धारदार कडेवर ते मऊपणे टेकलं होतं आणि वायरी त्याच्यावरून सरकत होत्या. एका ठिकाणी वायरीला पीळ पडला होता. तो जवळ आला तसं ते बोट जरासं बाजूला झालं, पीळ जाऊ दिला आणि पुन्हा जागेवर आलं.

टेस्टर ओरडला नाही. वायर सोडताना ओरडायचं नसतं, सोडणाऱ्याचा हात हलतो.

पाईप इंचभराचा होता. त्याच्यामागे किती काय असेल, हा विचार त्यानं केला नाही.

५

बोर्डात तिन्ही टोकं सहा नंबरशेजारी बाहेर येऊन थांबली होती. हवी तेवढीच सोललेली, पीळ भरलेली, मागे चार बोटं राखलेली. टेस्टरनं फक्त स्क्रू आवळले. खोलीत येऊन सॉकेट जोडला आणि मेन वर केला. तो राहिला. मशीन एकदा घुसमटलं आणि मग सूं-फुस्स, सूं-फुस्स सुरू झालं. लेकीनं नळी बदलली आणि वडिलांचा हात धरून खाली फरशीवरच बसली. हळूहळू म्हाताऱ्याच्या ओठांवर रंग परत आला.

"झालं ना, काका?" तिचे डोळे भरले होते. "आता नाही ना पडणार?"

"झालं," टेस्टर म्हणाला. "पट्टी लावली की झालं."

पट्टी लावायला तो वाकला. पाईपच्या तोंडातून, वायरींच्या शेजारून, त्याच्या स्प्रिंगचा आकडा बाहेर लोंबत होता. टेप काढून, पुसून, आकडा बाहेरच्या बाजूला. ज्याची वस्तू त्याला परत. हल्ली हत्यार नेलं तर परत आणून देणारा माणूस मिळत नाही. टेस्टरला भरून आलं. त्यानं आकडा बोटात अडकवला आणि काही कळायच्या आत, सत्तावीस वर्षांच्या सवयीनं, दोन हिसके दिले. धरलं.

दिल्यावर त्याला कळलं, आपण काय म्हणालो ते.

स्प्रिंग ताठ झाली. पलीकडे काहीतरी तिला बांधलं जात होतं, नीट, सावकाश, गाठ पक्की आहे ना हे पारखत. मग तीन हिसके आले. ओढ.

त्याचा उजवा हात तसाच राहिला. डाव्या हातानं त्यानं पकड उचलली आणि तिचे दात तारेवर टेकवले. तार तोडायला एक दाब पुरे होता. त्यानं जरा दाबलं, आणि मशीनचा आवाज खाली आला. सूं. बराच वेळ काही नाही. मग फुस्स. पलंगावर म्हाताऱ्याची छाती वर आली ती वरच राहिली.

"काका?" लेक म्हणाली.

त्यानं पकड खाली ठेवली. मशीन सुरळीत झालं. मग त्यानं मूठ थोडी सैल करून पाहिली. पुन्हा तेच. शेवटी टेस्टरच तो, पारखल्याशिवाय कसा राहणार? पण आता पारखायचं काही उरलं नव्हतं.

वडिलांनी डोळे उघडले. ते लेकीकडे पाहत नव्हते, टेस्टरकडेही नाही. खोलीच्या मध्यावर, जिथं भिंत होती तिथं, त्यांची नजर खिळली होती. "सोडू नका," ते म्हणाले. "त्यानं... नाही सोडलं."

ते खरंच होतं. त्यानं सोडलं नव्हतं. महिनाभर कुणी उत्तर दिलं नाही तरी सोडलं नव्हतं.

"ताई," टेस्टर म्हणाला, "बाबांचा पलंग जरा भिंतीपासून लांब घ्या. जागा लागेल थोडी."

ती उठली, काही न विचारता पलंग सरकवू लागली. टेस्टर गुडघ्यांवर बसला, आकडा मुठीत घट्ट धरला आणि ओढायला सुरुवात केली. पलीकडचं वजन हललं. जड होतं, पण आडमुठं नव्हतं. येताना ते त्याच्या हाताचा वेग सांभाळत होतं. डोळे त्यानं मिटून घेतले होते, तरी पाईपच्या कडेचा विचार त्याच्या मनातून जाईना. कड फार धारदार असते.

मग त्यानं डाव्या हाताचं बोट पाईपच्या तोंडाशी धरलं, येणाऱ्याची साल निघू नये म्हणून.